नवाबाला घातलेला हार

२ जुलै १९५७, मंगळवार

आज भैयाजी हिंगणीहून आले. भैयाजी म्हणजे माझे थोरले दीर. ओट्यावर बसले, पाणी घेतलं आणि मुद्द्यावर आले. वर्ध्याचा एक स्टुडिओवाला आमचा कॅमेरा विकत घ्यायला तयार आहे म्हणे.

"सुलोचना, तू आमच्यासंग हिंगणीले चाल. एकटी बाई बजारात दुकान मांडून बसते, हे काही बरं दिसत नाई."

मी म्हटलं, "पोळ्यापर्यंत पाहू द्या. काम मिळालं तर राहीन, नाही तर येईन." पोळ्याचंच नाव का घेतलं, मलाच माहीत नाही. काहीतरी मुदत सांगायची म्हणून सांगितली.

"ठीक हाय. पोळा झाला का बैलबंडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवजो."

हे, म्हणजे भैयाजींचे धाकटे भाऊ, वैशाखात गेले. एका लग्नात दिवसभर उन्हात उभे राहून फोटो काढत होते. संध्याकाळी ताप चढला, सकाळी नव्हते. मी रडले नाही. शेजारची रुख्माबाई, जिच्या म्हशी आमच्या मागच्या दाराशी बांधलेल्या असतात, ती त्या दिवशी माझ्या पाठीत गुद्दे घालून म्हणत होती, "रड वो माय, रड." पाठ दुखल्याचं तेवढं आठवतं.

पाटीवर अजून "राऊत फोटो स्टुडिओ, देवळी" असंच आहे. कॅमेरा मला येतो. निगेटिव्हच्या काचा धुणं, छापणं, त्यांवर बारीक कुंचला फिरवणं, फोटोत रंग भरणं हे तर पहिल्यापासून माझंच काम. हिंगणीच्या घरी माणसं चांगली आहेत, जेवायला वाढतील, टोचून बोलणार नाहीत. पण तिथे अंधारी खोली नाही. इथे लाल दिव्याखाली दार लावून बसलं की कोणी विचारत नाही, बाई तू कशी आहेस. मला तेवढं हवं आहे. बाकी काही हवंसं वाटत नाही.

६ जुलै, शनिवार

काम आलं. तेल्याच्या घरची म्हातारी गेली. तिला भिंतीशी बसवून, मागून दोघांनी धरून ठेवलं होतं. मी फोटो काढला.

वैशाखापासून मला एवढंच काम मिळतं. लग्नाला, मुंजीला, बारशाला मला कोण बोलावणार? मेलेल्याला माझ्या कपाळाची अडचण नसते. आणि त्यांचे फोटो सुरेख येतात. जिवंत माणूस पापणी हलवतो, बायका पदर सारखा करतात, पोरं तर विचारूच नका. हे सारखे ओरडायचे, "हलू नका! हलू नका!" मेलेल्याला सांगावं लागत नाही. एकेक सुरकुती स्वच्छ.

मग रात्रीपर्यंत नेहमीचं काम. मिटलेल्या डोळ्यांवर कुंचल्याने उघडे डोळे काढायचे. मागून धरणारे हात घालवायचे. भोवती लंबगोल, त्याच्या कडेने धुकं. कपाळाला गंध. चौकटीला झेंडूचा हार रंगवायचा. खाली नाव आणि तारीख. डोळे बंद करून करीन, इतकं हाताला बसलं आहे.

१२ जुलै, शुक्रवार

दुपारी एक लेकुरवाळी बाई फोटोसाठी आली. बाळाला काजळ, अंगावर लोकरी झबलं. मी पडदा ओढला, तोवर तिची सासू पोचली. तिने मला पाहिलं, सुनेच्या कानात काही सांगितलं आणि दोघी पावसाचं निमित्त करून निघाल्या. पाऊस नव्हता.

रुख्माबाई दाराशी म्हशीला धूत होती. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "जाऊ दे वो. माह्या म्हशीचा फोटो काढ. जनावराले कोठी कळते, कोन सवाशीन अन् कोन नाई?"

चेष्टाच होती ती. पण मला ती तशी वाटली नाही. या भागात माणसं बैलांवर जीव टाकतात. पोळ्याला बायकोला लुगडं नसलं तरी चालेल, बैलाला नवी झूल पाहिजे. पोळ्यासाठी बैलांचे फोटो काढले तर? मग गाई, बकऱ्या, कोणाचा पोपट. माणसांवाचून स्टुडिओ चालेल.

जाहिरात हवी. पोस्टर. सिनेमाचं असतं तसं, मोठं.

१६ जुलै, मंगळवार

पोस्टरवर कोणाचा बैल घ्यायचा याला प्रश्नच नव्हता. महादेवरावांचा नवाब. पांढराशुभ्र, गवळाऊ जातीचा, देवळीत त्याला ओळखत नाही असा माणूस नसेल. पोळ्याला तोरणाखाली पहिला मान त्याचा. महादेवराव आधी "बाई, बैलाचा फोटो?" म्हणून हसले, मग आत जाऊन स्वतःच नवा फेटा बांधून आले.

"फोटो बैलाचा आहे," मी म्हटलं.

"मंग? मालक नाई पाह्यजे का संग?"

नवाबाने जीव नकोसा केला. कान हलव, शेपूट हलव, मध्येच महादेवरावांचा हात चाट. काचेमागून काच वाया गेली. शेवटी त्याच्या पुढ्यात सरकीच्या ढेपेचं टोपलं ठेवलं, तो क्षणभर विचारात पडला, आणि एक फोटो मिळाला. कान, खूर, पापण्या, सगळं स्थिर. तेवढा एक ठेवला. बाकीच्या बिघडलेल्या काचा खोक्यात टाकल्या.

२४ जुलै, बुधवार

पोस्टरं झाली. चार मोठे कागद, प्रत्येकावर मोठा करून छापलेला नवाब. खूप दिवसांनी कामात हात रमला. नवाबाचा एकेक केस मोकळा केला. मागचा गोठा, शेणाचा ढीग, महादेवरावांचा फेटा सगळं घालवलं. (फेट्याबद्दल ते बोलणार.) भोवती लंबगोल धरला, कडेने पांढरं धुकं सोडलं. डोळ्यांत थोडी चमक भरली. कपाळाला गंध, चौकटीला झेंडूचा हार. वर "देवळीचा नवाब". खाली फोटोची तारीख, आणि त्याखाली:

"आपल्या लाडक्या जनावराची आठवण कायम ठेवा. राऊत फोटो स्टुडिओ."

लांबून पाहिलं. नीट वाटलं. सुंदर म्हणावं असं. आनंद व्हायला पाहिजे होता, पण चूल पेटवायची राहिली होती म्हणून उठले.

एक बसथांब्यावर, एक कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर, एक आठवडी बाजारात आणि एक आपल्या दारावर लावलं.

३० जुलै, मंगळवार

पोस्टर लोकांना आवडलं. बाजारात थांबून थांबून पाहतात. काही जण हात जोडतात. बैल म्हणजे नंदी, म्हणून जोडत असतील. एका म्हातारीने तर पोस्टरखाली दोन फुलं ठेवली.

दारावरच्या पोस्टरपाशी एक शेतकरी बराच वेळ उभा होता. मी पुढे होऊन विचारलं, "तुमच्या बैलाचा काढायचा का?"

तो दचकला. म्हणाला, "नाई, नाई बाई! असं काऊन म्हनता? माहा बैल चांगला हाय." आणि घाईने निघून गेला.

आवडतं, पण काढायला कोणी येत नाही. फोटोला खर्च येतो, विचार करत असतील.

२ ऑगस्ट, शुक्रवार

महादेवराव आले. पायात वहाणा नाहीत, फेटा नाही, मागून त्यांची बायको देवकाबाई धापा टाकत.

"बाई! माह्या जित्या बैलाले काऊन मारून टाकलं?"

मला काही कळेना.

"बजारात लोक मले हात धरून समजावून राह्यले, महादेवराव, धीर धरा. माही बहीण पुलगाववरून आली, बसमधून उतरल्यापासून गळा काढत. गोठ्यात नवाबानं मान वर केली, तं ती जागीच खाली बसली! अन् पाटील इचारते, यंदा पयला मान कोनाच्या बैलाले देऊ?" त्यांनी दारावरच्या पोस्टरवर बोट आपटलं. "हा हार! हे गंध! ही तारीख! आठवन कायम ठेवा म्हनते! कोनाची आठवन? गेलेल्याचीच ठेवतात ना?"

मी पोस्टरकडे पाहिलं. रोज पाहत होते, पण आता दिसलं. तेल्याची म्हातारी आणि नवाब, एकाच भिंतीवर लावण्यासारखे.

रस्त्यावर माणसं गोळा झाली होती. कोणी हसत होतं. मलाही हसू यायला हवं होतं, नाही तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. दोन्हीपैकी काही झालं नाही. मी पोस्टर काढलं आणि घडी घातली.

देवकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ओरडू नका. बाईचा दोष नाई. वैशाखापासून मेलेल्याचेच फोटो काढून राह्यली. हाताले तेच वळन लागलं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बाजूला सरले. बाकीची तीन पोस्टरं काढायला जायचं होतं.

५ ऑगस्ट, सोमवार

देवकाबाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. राग आला नाही. खरं बोलण्याचा राग कसला?

जिवंत दाखवायचा म्हणजे काय करायचं? एका पोस्टरवरचा हार पुसला, गंध पुसलं, तारीख खोडली. तरी तो मेलेलाच. फार स्थिर उभा आहे.

मग खोक्यातल्या बिघडलेल्या काचा काढल्या. हे असली काच दिसली की सरळ फोडायचे. एका काचेत नवाबाने जीभ काढून महादेवरावांचा हात चाटला आहे. कान धुरासारखा पुसट. शेपटी हलल्यामुळे तीन शेपट्या आल्या आहेत. महादेवरावांचं तोंड हसताना वेडंवाकडं झालं आहे आणि फेटा सुटायला आला आहे. धूळ धुतलेल्या काचेवरून पाणी निथळत होतं, तोवर मी ती तशीच हातात धरून होते.

छापून महादेवरावांना दाखवायला नेला. ते अजून घुश्शातच होते. फोटो हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"यात तं जिता दिसते," म्हणाले. "पन तीन शेपट्या?"

"हलवत होता."

"हलवतेच तो. मले पाह्यलं का हलवते." मग बायकोला हाक मारली, "अवो, पाहा इकडं, माह्या हाताले ढेप लागली होती, ते चाटून राह्यला!"

नवीन पोस्टरवर तोच फोटो. लंबगोल नाही, धुकं नाही, मागचा शेणाचा ढीगसुद्धा आहे तिथे. खाली लिहिलं:

"जनावर हललं तरी चालेल. जितं जनावर हलतंच."

१० ऑगस्ट, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक. प्रेमदास मास्तर, त्यांची बायको कमला आणि कमलाची बकरी. मास्तरांनी गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून गावातली काही मंडळी त्यांच्याशी जपून बोलतात. ते मात्र सगळ्यांशी मोकळे.

"पोळ्याची पूजा आमच्या घरी आता बंद हाय," म्हणाले. "पन बकरी तं बकरीच हाय ना. कमला म्हनते, माह्यासंग तिचा फोटो पाह्यजे. हार-बिर नका घालू मात्र."

मी म्हटलं, "मी काढलेला चालेल ना?" हे आता विचारून घेतलेलं बरं.

कमला म्हणाली, "तुम्ही नाई तं कोन? कॅमेरा तं तुमचाच हाय. शुभ-अशुभ आम्ही तठीच सोडून आलो, नागपूरले."

मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरले. तेवढ्यात बकरीने मागच्या पडद्याचा राजवाडा खायला घेतला. चित्रातली एक कमान तिने पोटात घातली. कमला हसून हसून खाली बसली, मास्तर बकरीचे पाय ओढत होते. मी तोच फोटो घेतला.

१९ ऑगस्ट, सोमवार

माणसं येताहेत. एक पोपट, जो फोटो काढताना मला शिव्या देत होता. एक वासरू. एका कास्तकाराने बैलजोडी आणली आणि माझ्याकडे पाहून घुटमळला. मग स्वतःच तोड काढली: "बाई, तुम्ही अगुदरच त्या कापडात जाऊन राहा. मंग मी बैल आनतो. त्याले काय दिसते, आत कोन हाय?"

गेले आत. वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. पण आतून बरं असतं. काचेवर सगळं उलटं दिसतं, बैल आभाळाला टांगलेले, आणि आपण कोणालाच दिसत नाही.

२५ ऑगस्ट, रविवार, पोळा

सकाळपासून कापडाखाली. नवाबाला पहिला मान मिळाला. तोरणाखाली उभा राहून त्याने पाटलांच्या धोतराचा सोगा चावला. रुख्माबाईने म्हशीचा फोटो काढवून घेतला, म्हैस नवरीसारखी खाली मान घालून.

भैयाजींना निरोप पाठवायला हवा की येऊ नका. हात इतके भरून आले आहेत की उद्या लिहीन.

२८ ऑगस्ट, बुधवार

निरोप लिहिला नाही. नवाब मेला.

काल संध्याकाळी दावं तोडून कोवळ्या ज्वारीत शिरला. ती बाधली. सकाळपर्यंत संपलं. रुख्माबाईने सांगितलं तेव्हा मी फोटो सुकत घालत होते. सगळे सुकत घातले.

दुपारी बसथांब्यावरचं पोस्टर कोणी फाडलं. मग तो काळ्या कापडवाला कास्तकार आला. म्हणाला, काच फोडून टाका, फोटो नको. त्याच्या मागून आणखी लोक. कोणी ओरडलं नाही. सगळे हळू आवाजात, नजर चुकवून. बाईने आधी हार घातला होता, आज खरा झाला, असं म्हणतात म्हणे.

ज्यांनी मागितल्या त्यांच्या काचा त्यांच्यादेखत फोडल्या.

३० ऑगस्ट, शुक्रवार

कोणी आलं नाही. कॅमेरा पुसून पेटीत ठेवला. महादेवरावांकडे जायला पाहिजे. पाय निघत नाही. गेले तर मी काय घेऊन जाणार, माझं तोंड?

१ सप्टेंबर, रविवार

भैयाजी बंडी घेऊन आले. मी सामान बांधूनच ठेवलं होतं. रस्त्यावर माणसं उभी होती. बंडी भरताना एवढं पाहायला काय असतं कोण जाणे. कॅमेऱ्याची पेटी भैयाजींनी उचलली, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि महादेवराव आले. दाढी वाढलेली. चार दिवसांत माणूस निम्मा झाला आहे.

"बाई, नवाबाचा फोटो दे."

मला वाटलं, हेही फोडायला मागतात. पण ते म्हणाले, "घरी लावाचा हाय. भिंतीवर."

मी आत जाऊन पहिलं पोस्टर काढलं. तयारच होतं. हार, गंध, फक्त तारीख बदलायची. त्यांनी ते पाहिलं आणि मान हलवली.

"हा नाई. तो जीभ काढलेला दे. तीन शेपट्यावाला."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "महादेवराव, याच बाईच्या फोटोनं तं घात केला."

महादेवराव वळले. ओरडले नाहीत. "ज्वारी खाल्ली त्यानं. दावं मी ढिलं बांधलं होतं. फोटोनं मरते म्हनता? बाईच्या फोटोत मीबी हाय ना. मंग मी काऊन जिता हाय?"

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, रोज सकाळी गोठ्यात जातो अन् हात पुढं करतो. सवय हाय. कोनी चाटत नाई. तो फोटो दे."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आधी मला वाटलं ठसका लागला. मग मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडू लागले. तोंडावर पदर घ्यायचं भान राहिलं नाही. आवाज असा निघत होता की बंडीचे बैल बुजले. रुख्माबाई धावत आली, पण या वेळी तिने पाठीत मारलं नाही, नुसती धरून बसली. मला थांबताच येईना. महादेवराव, ज्यांचा बैल, तेच मला म्हणत होते, "बस वो माय, बस."

गर्दी पांगली. भैयाजींनी कॅमेऱ्याची पेटी परत आत नेऊन ठेवली. मी म्हटलं, "भैयाजी, यांचा फोटो छापायचा आहे. मी येत नाही." त्यांनी बंडीचे बैल सोडून त्यांना पाणी दाखवलं.

आता दिवेलागण झाली आहे आणि डोळे अजून दुखताहेत. मला खरंच कळत नाही, एवढं रडण्यासारखं काय झालं. चांगला होता नवाब, पण बैल माझा नव्हता. आणि भैयाजीही ओट्यावर तोंड फिरवून मघापासून रडताहेत. त्यांनी तर नवाबाला कधी पाहिलंही नव्हतं.